माप एकच ठेवू या

(अंबड येथे भरलेल्या बैठकीतील भाषण)



कापसाची वेचणी अर्ध्यावर सोडून, ज्वारीच्या खुरपणीतून एक दिवस काढून तुम्ही इथं मत्स्योदरीच्या पायथ्याशी आलात. अशा बैठकीत भावाचं बोलणं व्हावं, कर्जाचं व्हावं, विजेचं व्हावं. ते सकाळी झालं. आता ज्या विषयावर बोलायचं आहे, तो गावोगावच्या कार्यकर्त्यांनीच काढला. त्यांचं म्हणणं असं की, पारावर पूर्वी पाऊसपाण्याच्या गोष्टी व्हायच्या. आता कुणाच्या तरी मोबाईलवर कुठला तरी निरोप येतो, कुठल्या तरी लांबच्या गावातल्या भांडणाचा. तो वाचून झाला की आपल्याच गावातल्या चार घरांकडे बघण्याची नजर बदलते. ज्यांच्या बांधाला बांध लागलेला आहे, त्यांच्याशी बोलणं कमी होतं. याचं काय करायचं?

शेतकऱ्याला जात नसते, धर्म नसतो, असं एक वाक्य व्यासपीठावरून नेहमी येतं. टाळ्याही पडतात. पण ते वाक्य खरं नाही. शेतकऱ्याला जात असते आणि धर्मही असतो. घरात देव्हारा असतो, वारी असते, नाहीतर पाच वेळची नमाज असते, रोजे असतात. बैठकीला येताना ते सगळं खुंटीला टांगून कुणी येत नाही आणि तसं यावं असं आमचं म्हणणंही नाही. धर्म ठेवून माणसांनी एकमेकांशी कसं वागायचं, एवढंच आज बोलायचं आहे.

घ्यायचं माप, द्यायचं माप

मापाचं शहाणपण तुम्हाला कुणी शिकवावं अशी परिस्थिती नाही. घेताना एक माप आणि देताना दुसरं, हा व्यापार आपण पिढ्यान् पिढ्या सोसला. ओलाव्याच्या नावानं किती गेलं, कडत्याच्या नावानं किती गेलं, काटा कसा मारला जातो, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आपला माल घेताना त्यात शंभर खोड्या काढणारा माणूस स्वतःचा माल विकताना एक प्रश्न विचारू देत नाही. याला आपण लूट म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

आता तेच माप घेऊन पारावर चला. दुसऱ्या धर्माच्या एका माणसानं गुन्हा केला, तर आपण म्हणतो, 'ही लोकंच तशी.' आपल्या धर्माच्या माणसानं तोच गुन्हा केला, तर म्हणतो, 'तो माणूसच तसा.' त्यांच्या राजानं चारशे वर्षांपूर्वी केलेलं आजच्या पोराच्या खात्यावर लिहितो. आपल्या वाडवडिलांनी गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणी भरू दिलं नाही, ते मात्र 'जुनं झालं, आता कशाला उगाळायचं?' त्यांच्या ग्रंथातलं एखादं वाक्य शब्दाला शब्द धरून वाचायचं. आपल्या ग्रंथात तसं निघालं की 'त्याचा अर्थ समजून घ्यावा लागतो.' ही दोन मापं झाली की नाही? आणि ही काही एकाच धर्माच्या माणसांकडे आहेत असं नाही. मंदिराच्या ओट्यावर आहेत, तशी मशिदीच्या पायरीवरही आहेत.

सावकाराच्या वहीत आपलं देणं तेवढं लिहिलेलं असायचं. त्याला पोचलेल्या रकमेची नोंद सापडायची नाही. प्रत्येक धर्माच्या माणसानं आज तशीच एक वही बगलेत धरलेली आहे.

पोळा आणि बैलबाजार

दुसऱ्याचं सांगण्याआधी आपल्या गोठ्यातलंच एक उदाहरण घेऊ. पोळ्याला आपण बैल धुतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळीचा घास भरवतो. मालकीण त्याच्या पायावर पाणी घालते. हे नाटक नाही, मनापासून असतं. पण बैल थकला, नांगराला चालेना, वैरण परवडेना, की काय होत होतं? आपण त्याला बाजारात नेत होतो. घेणारा बहुतेक वेळा कुरेशी असायचा. थकलेला बैल तो कशासाठी घेतोय, हे विकणाऱ्याला ठाऊक असायचं. रुमालाखाली बोटं धरून सौदा व्हायचा, पैसे आपल्या खिशात यायचे, त्या पैशात थोडी भर घालून नवा गोऱ्हा यायचा. आणि पाप तेवढं घेणाऱ्याच्या नावावर.

२०१५ साली महाराष्ट्रात कायदा बदलला आणि गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आली. तो कायदा शेतकऱ्याच्या सोयीचा की गैरसोयीचा, यावर आपण वेगळ्या बैठकीत बोलू. आज मुद्दा एवढाच, की त्या व्यवहारात दोन हात होते, एक देणारा आणि एक घेणारा. घेणाऱ्याला कसाई म्हणून शिवी द्यायची आणि देणाऱ्यानं टिळा लावून मिरवायचं, हे कुठलं माप? ज्यानं बैल विकला त्याला आम्ही वाईट म्हणत नाही. वैरणीला पैसा नसलेल्या घरात दुसरा मार्ग नसतो, हे आम्हाला कळतं. पण मग बाजारात दावं धरून उभ्या असलेल्या त्या दुसऱ्या माणसाचंही पोट आहे, हेही कळायला हवं.

पैठणचं भांडण

आपली श्रद्धा अशी तपासायची म्हणजे धर्म बुडवायचा, असं काहींना वाटेल. तसं असतं तर पैठणच्या नाथांना आपण संत म्हटलं नसतं. इथून गोदाकाठानं वर गेलं की पैठण. जायकवाडीच्या धरणातल्या पाण्याला आपण नाथसागर म्हणतो. डावा कालवा ते पाणी आपल्याच तालुक्यातून पुढं परभणीकडे नेतो. कालव्याचं पाणी ज्यांच्या रानाला लागत नाही, असेच बहुतेक जण इथं बसलेत. पण नाथांचं नाव आणि नाथांची भारुडं कोरडवाहू गावातही पोचली. त्यातलं एक भारुड मात्र आपल्याकडे फार कमी वेळा उभं राहतं. त्याचं नाव 'हिंदू-तुर्क संवाद'. तुर्क म्हणजे त्या काळच्या बोलीत मुसलमान.

नाथांचा काळ सोळाव्या शतकाचा. १५९९ साली त्यांनी देह ठेवला. मुलखावर अमल अहमदनगरच्या निजामशाहीचा. पैठण हे शास्त्री-पंडितांचं पीठ. धर्मात काय बसतं आणि काय बसत नाही, याचा निवाडा तिथं व्हायचा. अशा गावातल्या ब्राह्मणानं रस्त्यावरच्या माणसाला कळेल अशा भाषेत हे भारुड रचलं.

भारुडाची सुरुवातच भांडणानं होते. एक दुसऱ्याला काफर म्हणतो, दुसरा म्हणतो, विटाळ होईल, लांब सर. मग दोघंही कमरेला पदर खोचून उभे राहतात. मुसलमान म्हणतो, तुमचे देव कसले? एकाची बायको राक्षसानं पळवून नेली, एक स्वतःच्या लेकीच्या मागं लागला. तुम्ही पाण्यात बुड्या मारता आणि शुद्ध झालो म्हणता. आम्ही एकत्र बसून जेवतो. तुमच्यात एकाचं शित दुसऱ्याच्या पानात पडलं तरी भांडण. हिंदू काही मागं राहत नाही. तो म्हणतो, देव सगळीकडे आहे म्हणता, मग पश्चिमेकडेच तोंड का करता? एवढ्या मोठ्यानं हाक का मारता, तो काय लांब राहतो? दगडाच्या मूर्तीला हसता, मग थडग्यावर दगड ठेवून फुलं का वाहता? प्राणी मारून त्याला सद्गती मिळते म्हणता, मग ती आधी स्वतःलाच का नको? आणि हिंदूला मुसलमान करता, तेव्हा देवानं त्याला हिंदू जन्माला घातलं ही देवाची चूक झाली का? तुम्ही देवापेक्षा शहाणे काय?

विचार करा, हे आज कुणी चौकात म्हटलं तर काय होईल? संध्याकाळपर्यंत गावात पोलिसांची गाडी येईल. पण नाथांच्या भारुडात दोघंही एकमेकांचं शेवटपर्यंत ऐकतात. आणि बोलता बोलता दोघांच्याही ध्यानात येतं की, देवाच्या दारात हे भांडण नाहीच. ते आपण खाली येऊन मांडलेलं आहे. शेवटी ते एकमेकांना नमस्कार करतात आणि गळाभेट घेतात.

यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. पहिली ही, की नाथांनी हिंदूला जिंकवलं नाही. लिहिणारा हिंदू, ऐकणारे बहुतेक हिंदू, लेखणी नाथांच्या हातात. तरी मुसलमानाच्या तोंडी त्यांनी पोकळ प्रश्न घातले नाहीत, चांगले बोचणारे घातले. आपल्या धर्मावर घेतलेले सगळ्यात कठीण आक्षेप त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले. म्हणजे आपल्या मालाची प्रत त्यांनी स्वतःच काढून दाखवली.

दुसरी गोष्ट ही, की भांडण संपल्यावर कुणी धर्म सोडला नाही. हिंदू हिंदूच राहिला, मुसलमान मुसलमानच राहिला. एक होण्यासाठी एकसारखं व्हावं लागतं, असं नाथांनी म्हटलं नाही. ज्वारीच्या रानात तुरीचे तास घालतो, म्हणून काही ज्वारीची तूर होत नाही. दोन्ही पिकं आपापल्या मुळांवर उभी राहतात.

तिसरी गोष्ट म्हणजे, हे नाथांनी नुसतं लिहिलं नाही. त्यांच्या चरित्रात परंपरेनं सांगितलेल्या कथा तुम्ही कीर्तनात ऐकलेल्या आहेत. श्राद्धाचं अन्न त्यांनी गावकुसाबाहेरच्या भुकेल्या माणसांना वाढलं आणि पैठणच्या ब्राह्मणांचा रोष ओढवून घेतला. नदीवरून स्नान करून येताना एक यवन रोज त्यांच्या अंगावर थुंकायचा. नाथ परत जाऊन स्नान करायचे, रागवायचे नाहीत, शेवटी थुंकणाराच शरमला. या कथा घडल्या तशाच सांगितल्या जातात की भाविकांनी त्यात भर घातली, हे आम्ही ठरवत बसत नाही. साडेतीनशे-चारशे वर्षं लोकांनी आपल्या संताबद्दल सांगण्यासाठी अशाच गोष्टी निवडल्या, हे महत्त्वाचं. मोठेपण कशात आहे, हे आपल्या आजीला कळत होतं.

आणखी एक बाब आहे, जी सहसा सांगितली जात नाही. नाथांचे गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीचे, म्हणजे दौलताबादच्या किल्ल्यावरचे अधिकारी. त्यांचे गुरू चांद बोधले. हे चांद बोधले कादरी परंपरेतले सूफी होते, असं अभ्यासकांनी मांडलं आहे. त्यांची समाधी दौलताबादेला आहे. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ज्यांनी सतराव्या शतकात मराठीत 'योगसंग्राम' हा ग्रंथ लिहिला, तेही स्वतःला चांद बोधल्यांचेच शिष्य म्हणवतात. म्हणजे एका गुरूच्या एका अंगाला नाथांची परंपरा आणि दुसऱ्या अंगाला मराठीत लिहिणारा मुसलमान संत. दत्तानं नाथांना फकिराच्या वेषात दर्शन दिलं, ही कथाही वारकरी घरांत आनंदानं सांगितली जाते. झाड आपल्या बांधात असलं तरी त्याची मुळं कुठवर गेलीत, हे खणल्याशिवाय कळत नाही.

१९४८ ची वही

नाथांचं भांडण गळाभेटीवर संपलं. पण आपल्या याच मातीत एक भांडण तसं संपलं नाही, आणि त्याचं नाव काढल्याशिवाय मराठवाड्यात या विषयावर खरं बोलणं होत नाही.

निजामाच्या राज्यात आपण होतो. १९४७ साली बाकीचा देश मोकळा झाला, आपण झालो नाही. कासीम रझवीच्या रझाकारांनी त्या वर्षभरात गावं लुटली, माणसं मारली, बायाबापड्यांची अब्रू घेतली. कितीतरी कुटुंबं घरदार सोडून हद्दीपलीकडे गेली. हे आपण विसरलेलो नाही आणि विसरूही नये. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद मुक्त झालं. दरवर्षी त्या दिवशी आपण झेंडावंदन करतो.

पण वहीचं पुढचं पान आपण उलटत नाही. पोलीस ॲक्शनच्या दिवसांत आणि त्यानंतर मराठवाड्यात आणि शेजारच्या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. त्याची चौकशी करायला पंडित नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली काही माणसं आली आणि गावोगाव फिरली. त्यांच्या अहवालात मेलेल्यांचा अंदाज किमान २७ ते ४० हजार असा दिला आहे. सगळ्यात जास्त नुकसान उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांत झालं. औरंगाबाद जिल्ह्याचं नावही त्यात आहे, आणि आपल्या जालना जिल्ह्याचा बहुतेक भाग तर १९८१ पर्यंत औरंगाबादेतच होता. तो अहवाल कैक वर्षं कपाटात राहिला. २०१३ च्या सुमाराला तो लोकांसमोर आला.

त्या आकड्यावर वाद आहेत, होऊ द्या. एक गोष्ट मात्र साधी आहे. रझाकारानं जाळलेलं घर आणि सुडानं जाळलेलं घर, दोन्ही घरांत राहणारी माणसं बहुतेक रझाकारही नव्हती आणि सूड घेणारीही नव्हती. ती आपल्यासारखी कष्टकरी होती. दोन्ही घरांचा धूर ज्याला सारखाच झोंबतो, त्याचं माप खरं.

त्याच अहवालात एक नोंद आहे, ती आम्ही तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो. हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवल्याच्या गोष्टी त्या माणसांना जागोजाग ऐकायला मिळाल्या. आणि हा जिव्हाळा विशेष करून एकाच धंद्यातल्या माणसांत दिसला. काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांसाठी हिंदू जमावासमोर उभे राहिले आणि त्यात स्वतःचे प्राणही गमावले.

ते विणकर काही ग्रंथ वाचून उभे राहिले नव्हते. शेजारी माग चालायचा, सूत एकाच बाजारातून यायचं, व्यापारी दोघांनाही सारखाच नाडायचा. त्यांना एकमेकांचे हात ओळखीचे होते. जमाव आला तेव्हा समोर त्यांना मुसलमान दिसला नाही, अमक्याचा बाप दिसला, तमक्याचा भाऊ दिसला. तुम्ही पिकवलेल्या कापसाचं सूत विणणारी ही माणसं होती. त्यांची नावं कुठल्या हुतात्मा स्मारकावर कोरलेली आम्हाला दिसली नाहीत. १७ सप्टेंबरला झेंड्याला हात जोडताना त्यांचीही आठवण ठेवा.

आपल्याच घराला प्रश्न

दुसऱ्याच्या धर्माला प्रश्न विचारायला काही लागत नाही. पार भरलेला असला की कुणीही विचारतो. आपल्या घराला प्रश्न विचारायला काळीज लागतं.

१९४८ च्या ऑगस्टमध्ये, मुक्तीला महिनाही उरला नसताना, हैदराबादेत शोएबुल्ला खान या तरुण संपादकाचा खून झाला. 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक तो चालवायचा. मुसलमान असून त्यानं रझाकारांच्या विरुद्ध लिहिलं, हैदराबादनं भारतात सामील व्हावं असं लिहिलं. त्याला गोळ्या घातल्या आणि त्याचा हात तोडला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घातल्या. त्यांनी आयुष्यभर आपल्या समाजातल्या अंधश्रद्धेला प्रश्न विचारले होते. दोघांमध्ये पासष्ट वर्षांचं अंतर आहे, धर्मही वेगळे. पण दोघांनी आपापल्या घराला प्रश्न विचारला. बाहेरच्याला शिव्या दिल्या असत्या तर दोघांनाही हार पडले असते.

हमीद दलवाई आठवा. कोकणातला मराठी मुसलमान. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुसलमान बायांचा मोर्चा त्यांनी विधानसभेवर नेला. मागणी तोंडी तलाक बंद करण्याची. सातच बाया होत्या. १९७० साली त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. सत्यशोधक हे नाव घेतलं जोतीराव फुल्यांचं.

आणि जोतीरावांचं काय सांगावं? शेतकऱ्याच्या लुटीवर 'शेतकऱ्याचा असूड' लिहिणारे ते. लहानपणी त्यांची शाळा सुटली होती, पोरगा मळ्यात काम करत होता. शेजारचे मुन्शी गफार बेग आणि लिजिट नावाचे ख्रिस्ती गृहस्थ यांनी त्यांचे वडील गोविंदराव यांना समजावलं, हा पोरगा हुशार आहे, याला परत शाळेत घाला. १८४१ साली जोती परत शाळेत गेला. एक मुसलमान आणि एक ख्रिस्ती यांनी माळ्याच्या पोरासाठी शब्द टाकला, तेव्हा कुठे महात्मा फुले झाले. म्हातारपणी पक्षाघातानं उजवा हात गेला तेव्हा त्यांनी डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापलं गेलं. त्यात त्यांनी एक घर कल्पिलं आहे. आई बौद्ध, बाप ख्रिस्ती, मुलगी मुसलमान, मुलगा सत्यधर्मी. प्रत्येकानं आपापला ग्रंथ वाचून, पटला म्हणून तो धर्म घेतलेला, आणि सगळे एका छपराखाली मायेनं नांदतायत, कुणी कुणाचा द्वेष करत नाही. आज आपल्या घरात दोन पक्षांची माणसं सुखानं जेवत नाहीत, आणि सव्वाशे वर्षांपूर्वी हा माणूस चार धर्मांचं एक ताट वाढत होता.

मायबहिणींनो, आता तुमच्याशी. आपल्या घराला विचारायचा एक प्रश्न आम्ही इथं ठेवतो. कर्जापायी, नापिकीपायी ज्या घरातला कर्ता गेला, त्या घरातल्या बाईला आपण संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलावतो का? तिचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, ते कुणी केलं? परधर्मीयांनी नाही केलं. सावकारानं नाही, सरकारनंही नाही. आपणच केलं, धर्म म्हणून केलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं २०२२ साली ग्रामसभेत ठराव करून या विधवा प्रथा बंद केल्या. गावानं ठरवलं आणि झालं. त्यानं कुणाचा धर्म बुडाला नाही. आपल्या धर्मातल्या अशा एका बाईच्या दुःखाकडे पाठ फिरवून दुसऱ्या धर्मातल्या बायकांच्या दुःखावर भाषण द्यायचं, तर त्या भाषणाला वजन कुठून येणार?

मग करायचं काय

कुणी म्हणेल, 'आम्ही माप सरळ ठेवू, पण समोरच्यानं ठेवलं नाही तर?' प्रश्न खरा आहे. त्याला उत्तर एवढंच, की समोरचा काटा मारतो म्हणून आपण दगड भरून कापूस विकावा, असं आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. आणि गुन्हा करणाऱ्याला मोकळा सोडा, असंही आम्ही म्हणत नाही. ज्यानं गुन्हा केला त्याचं नाव घ्या, त्याला कायद्यानं शिक्षा होऊ द्या. फक्त शिक्षा त्याला होऊ द्या, त्याच्या आळीला नको.

मोबाईलवर निरोप आला की तो पुढं पाठवण्याआधी त्यातली नावं उलटी करून वाचा. त्यांच्या जागी आपलं नाव घाला. तरीही तो खरा वाटला, तरीही पाठवावासा वाटला, तर बघा.

सप्त्यात भारुड उभं राहतं, तिथं नाथांचं हिंदू-तुर्क भारुडही उभं करा. दोन्ही सोंगं दोन्ही समाजांतल्या पोरांना द्या. आणि जमलं तर अदलाबदल करा. हिंदूचं सोंग मुसलमान पोरानं घ्यावं, मुसलमानाचं हिंदू पोरानं. दुसऱ्याच्या तोंडून बोलायला लागलं की आपलं बोलणं आपोआप मऊ होतं.

आणि सगळ्यात आधी, सावड मोडू देऊ नका. एक बैल तुझा, एक माझा, असं करून आपण नांगरट केली. अडचणीत आलेल्याचं रान इर्जिक करून एका दिवसात काढून दिलं. तेव्हा कुणी विचारलं नाही की हा कुठल्या देवाला हात जोडतो. पेरणीची वेळ टळत होती, एवढं सगळ्यांना दिसत होतं. आता बैल कमी झाले, ट्रॅक्टर आले, सावडीची गरज कमी झाली, आणि त्याबरोबर एकमेकांच्या बांधावर जायचं कारणच कमी झालं. ते कारण आता मुद्दाम काढावं लागेल. कुणाच्या घरी मौत झाली तर खांदा द्यायला, कबर खणायला, दोन भाकरी पोचवायला जा. कुणाच्या पोरीचं लग्न अडलं असेल तर विचारून बघा. वाद नंतर घाला. नाथांच्या भारुडातले दोघं आधी भांडले आणि मग भेटले. आपल्याला तेवढी सवड नाही. आपण आधी भेटू, मग हवं तेवढं भांडू.

दया हा शब्द आम्ही फारसा वापरत नाही, कारण त्यात एक वर आणि एक खाली असतो. सावडीत तसं नसतं. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या. उपकार कुणाचे नाहीत आणि हिशेबही कुणी ठेवत नाही. धर्माधर्मांतली माया अशी सावडीची असावी.

उद्यापासून वेचणी आहे, पहाटे उठायचं आहे. एवढंच सांगून आम्ही थांबतो.